जखमेला नाव देण्याचा अधिकार

१

इ.स. १८५१ मध्ये अमेरिकेतील लुईझियाना राज्यात सॅम्युएल कार्टराइट नावाच्या एका डॉक्टराने एक नवा मनोविकार शोधून काढला. मळ्यावरचा काळा गुलाम मालकाला सोडून पळून जातो, याचे कारण त्याला मनाचा एक रोग जडलेला असतो, असा त्याचा सिद्धान्त होता. या रोगाला त्याने 'ड्रॅपेटोमेनिया' असे भारदस्त ग्रीक नाव दिले. त्यावर उपायही सांगितला. गुलामाला लेकरासारखे सांभाळावे, परंतु त्याच्या पायरीवरच ठेवावे; तरीही तो नाराज दिसू लागला तर चाबूक चालवावा.

हा किस्सा हसून सोडून देण्याजोगा नाही. ज्याच्या पाठीवर वळ आहेत तो रोगी, ज्याच्या हाती चाबूक आहे तो निरोगी, आणि या दोघांमधला न्याय करणारा पंडित मालकाच्या ओसरीवर बसलेला, अशी ही रचना आहे. 'पायरीवर ठेवावे' हे शब्द ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले, त्यांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मनाच्या शास्त्राचा इतिहास वाचताना म्हणूनच एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो. जखमेला नाव कोण देतो, आणि ते कोणाच्या सोयीने देतो?

हा प्रश्न आज विचारण्याला कारण आहे. 'ट्रॉमा' हा शब्द आता आपल्या चर्चासत्रांत, वसतिगृहांत, कार्यकर्त्यांच्या शिबिरांत सर्रास ऐकू येतो. त्याविषयी आपल्यात दोन मते आहेत. एक मत म्हणते, हे पोटभरल्या लोकांचे खूळ आहे; समाज बदला, मने आपोआप बरी होतील. दुसरे मत प्रत्येक दुखण्यावर समुपदेशकाचा पत्ता हातात ठेवते आणि मोकळे होते. पहिल्या मताला माणूस दिसत नाही, दुसऱ्याला व्यवस्था दिसत नाही. या दोन्ही मतांची परीक्षा आघाताच्या जाणिवेच्या इतिहासानेच होऊ शकते.

२

मनाला झालेल्या जखमेची आधुनिक वैद्यकातली चर्चा सुरू झाली ती रेल्वेच्या अपघातांपासून. १८६६ मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्या माणसांवर व्याख्याने प्रसिद्ध केली. अंगावर खरचटलेलेही नाही अशी माणसे पुढे महिनोन्‌महिने झोपत नव्हती, दचकत होती, कामाला लागू शकत नव्हती. एरिक्सन यांना कारण मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्यात दिसले. 'रेल्वे स्पाइन' हे नाव रूढ झाले. वाद लगेच कोर्टात गेला, कारण प्रश्न नुकसानभरपाईचा होता. कंपन्यांचे डॉक्टर म्हणत, हा माणूस ढोंग करतो आहे. मनाच्या जखमेवर पहिले भांडण झाले ते ती बरी कशी करावी यावर नव्हे, तिचे पैसे कोणी भरावेत यावर, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जखम मान्य केली की जखम करणाराही मान्य करावा लागतो. म्हणून ती नाकारली जाते.

याच कारणाने व्हिएन्नामध्ये आणखी एक दार उघडून बंद झाले. १८९६ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी हिस्टेरियाचे मूळ बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचारात आहे, असे मांडले. स्त्रिया जे सांगत होत्या ते त्यांनी खरे मानले होते. वर्षभरातच, १८९७ मध्ये, हा सिद्धान्त आपल्याला पटेनासा झाल्याचे त्यांनी मित्राला पत्राने कळविले. सिद्धान्त खरा मानायचा तर शहरातल्या कितीतरी प्रतिष्ठित घरांतल्या बापांवर बोट ठेवावे लागले असते. पुढची अनेक दशके त्या स्त्रियांचे सांगणे हे त्यांच्याच मनातल्या इच्छांचे खेळ म्हणून वाचले गेले.

नंतर पहिले महायुद्ध आले. खंदकातले सैनिक थरथरू लागले, मुके झाले, आंधळे झाले; डोळ्यांना आणि जिभेला काही इजा नसताना झाले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. परंतु या नव्या दुखण्यातही पायऱ्या होत्या. अधिकाऱ्याला झाले तर ते 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा थकवा. साध्या शिपायाला झाले तर 'हिस्टेरिया', म्हणजे मनाचा दुबळेपणा. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर अधिकाऱ्यांशी तासन्‌तास बोलत. आठवण दाबून टाकू नका, ती सोसता येईल अशा रीतीने तिच्याकडे पाहा, असे ते सांगत. त्याच काळात लंडनमध्ये लुईस यीलँड शिपायांना विजेचे झटके देऊन बोलते करीत होते. ज्यांच्या वाट्याला ना संवाद आला ना झटके, त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला बंदुकीची गोळी आली. पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातील ज्या ३०६ सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांना मरणोत्तर माफी मिळाली ती २००६ साली.

जखम एकच होती. दर्जा पाहून तिचे नाव बदलले, आणि नाव पाहून उपचार बदलला.

३

हे चित्र पालटले ते वैद्यकाच्या प्रयोगशाळेत नव्हे. १९५२ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने पहिली निदानपुस्तिका काढली, तिच्यात भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाच्या मनःस्थितीला एक नाव होते. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ते गाळले गेले. व्हिएतनामचे युद्ध त्या वेळी ऐन भरात होते.

परत आलेल्या सैनिकांना सरकारी इस्पितळात आपल्या दुखण्याचे नाव मिळेना. तेव्हा १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांनी आपल्या मंडळ्या भरविल्या. रॉबर्ट लिफ्टन आणि कायम शॅटन हे दोन मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात येऊन बसत; तज्ज्ञ म्हणून वर खुर्ची न घेता बसत. आपण काय पाहिले आणि आपण काय केले, हे सैनिक एकमेकांना सांगत. त्याच वर्षांत अमेरिकेतल्या स्त्रिया अशाच मंडळ्यांतून बलात्काराविषयी प्रथमच उघड बोलू लागल्या होत्या. १९७४ मध्ये ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बॉस्टनच्या इस्पितळात आलेल्या स्त्रियांच्या अभ्यासावरून बलात्कारानंतरच्या मानसिक आघाताचे स्वरूप मांडले. दहा वर्षांच्या या रेट्यानंतर १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत 'आघातोत्तर तणाव विकृती' हे निदान आले. ज्यांना जखम झाली त्यांनी संघटित होऊन जखमेचे नाव मिळविले.

तिची लक्षणे आता सर्वमान्य आहेत. घडून गेलेला प्रसंग गेलेला नसतो. तो स्वप्नांतून, वासातून, आवाजातून पुन्हा पुन्हा वर्तमान होऊन येतो. माणूस ती जागा, ती वाट, ती माणसे टाळू लागतो. शरीर सदैव पहाऱ्यावर असते. दार वाजले तरी छाती धडधडते, झोप उडते, राग चटकन येतो. इतरांपासून तुटल्यासारखे वाटते, आणि दोष आपलाच होता असेही वाटू लागते. यात वेड काही नाही. संकटात जीव वाचविण्यासाठी शरीर आणि मन जी तयारी करतात, ती संकट टळल्यावरही उतरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु १९८० च्या या व्याख्येत एक फट होती, आणि ती आपल्या दृष्टीने फार मोठी आहे. आघात करणारी घटना ही माणसाच्या नेहमीच्या अनुभवाबाहेरची असते, असे तिथे गृहीत धरले होते. कोणाच्या नेहमीच्या अनुभवाबाहेरची? ज्या वस्तीवर दर काही वर्षांनी हल्ला होतो तिच्यासाठी हल्ला 'नेहमीच्या' बाहेरचा कसा? ज्या स्त्रीला घरातच मार खावा लागतो तिच्यासाठी तो अपवाद कसा? सुरक्षित माणसाचे आयुष्य हेच माणसाचे आयुष्य, असे ही व्याख्या समजत होती. स्त्रीवादी अभ्यासकांनी यावर टीका केली आणि १९९४ च्या आवृत्तीतून ती अट गेली. तरीही २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार, अथवा त्यांचा धोका, असल्याशिवाय हे निदान होत नाही. शाळेच्या दाराबाहेर बसविलेल्या मुलाचा अपमान या मोजपट्टीवर अजून मोजला जात नाही. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मात्र दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा होणाऱ्या आणि सुटका नसलेल्या आघाताचे वेगळे निदान आले असून त्याच्या उदाहरणांत छळ आणि गुलामगिरी यांचा उल्लेख आहे. कार्टराइटनंतर पावणेदोनशे वर्षांनी वैद्यकाने कबूल केले की रोग पळून जाण्यात नव्हता, साखळीत होता.

जखमेचे वाटपही विषमच असते. अमेरिकन सरकारने १९८० नंतर व्हिएतनामच्या माजी सैनिकांची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात ही विकृती गोऱ्या आणि इतर पुरुष सैनिकांत १३.७ टक्के, काळ्यांत २०.६ टक्के आणि हिस्पॅनिकांत २७.९ टक्के आढळली. युद्ध एकच, परंतु कोणाला आघाडीवर कुठे उभे केले आणि परतल्यावर कोणत्या समाजाने कसे स्वीकारले, हे एक नव्हते.

४

काळ्या अमेरिकेने मात्र १९८० ची वाट पाहिली नव्हती. मार्च १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग चिकित्सालय सुरू झाले. फ्रेडरिक वेर्टहॅम हे डॉक्टर आणि रिचर्ड राइट हे काळे कादंबरीकार यांचा त्यात पुढाकार होता. शहरातल्या काळ्या माणसाला मानसोपचाराची दारे जवळजवळ बंदच होती. इथे आठवड्यातून दोन संध्याकाळी काळे आणि गोरे डॉक्टर, समाजसेवक बिनपगारी काम करीत. फी पंचवीस सेंट. नसली तरी चाले. १९५८ पर्यंत हे काम चालले.

या तळघराचे महत्त्व रुग्णांच्या संख्येत नाही. तिथल्या डॉक्टरांना हे ठाऊक होते की समोर बसलेल्या माणसाचे दुखणे अर्धे त्याच्या मनात आणि अर्धे रस्त्यावर आहे. म्हणून ते रस्त्यावरही गेले. डेलावेअर राज्यात शाळांतील वंशभेदाविरुद्ध खटला उभा राहिला, तेव्हा चिकित्सालयाने काळी आणि गोरी मुले तपासली आणि वेगळ्या शाळेत बसविल्याने मुलाच्या मनाला इजा होते, अशी साक्ष वेर्टहॅम यांनी १९५१ मध्ये दिली. केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने त्याआधीच काळ्या मुलांसमोर काळी आणि गोरी बाहुली ठेवून पाहिले होते. पुष्कळ मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरविली होती. डेलावेअरच्या खटल्यासह पाच खटल्यांचा मिळून १९५४ मध्ये 'ब्राउन' निकाल लागला आणि शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरला. त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. उपचाराच्या खोलीत कळलेले सत्य न्यायालयात पुरावा होऊ शकते, हे इथे प्रथमच इतक्या ठळकपणे सिद्ध झाले.

याच शास्त्राची दुसरी बाजूही त्याच देशात जिवंत होती. १९६८ मध्ये, काळ्यांची चळवळ पेटली असताना, दोन मनोविकारतज्ज्ञांनी काळ्या पुरुषांतील 'निषेधाचा मनोविकार' नावाचे प्रकरण एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात मांडले. ड्रॅपेटोमेनिया मेला नव्हता. त्याने कपडे बदलले होते.

५

या इतिहासात आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा माणूस म्हणजे फ्रांत्झ फानोन. १९२५ मध्ये मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीत जन्मलेला हा काळा तरुण दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढला, जखमी झाला, पदक मिळविले आणि मग फ्रान्समध्येच वैद्यक शिकताना त्याला कळले की पदकाने कातडी बदलत नाही. नोव्हेंबर १९५३ मध्ये तो अल्जीरियातील ब्लीदा-ज्वॅव्हिल मनोरुग्णालयात आला. अल्जीरियन माणूस जन्मतःच आदिम आणि हिंसक असतो, असे तिथल्या फ्रेंच मनोविकारशास्त्राचे आचार्य आंत्वान पोरो शिकवीत होते.

फानोनच्या ताब्यात १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष होते. रुग्णांना कोंडून न ठेवता त्यांच्यात समाज उभा करायचा, ही पद्धत तो फ्रान्समधील सँ-आल्बाँ इस्पितळात फ्रांस्वा तोस्केल यांच्याकडून शिकला होता. सभा, सण, हस्तकला, छोटेसे वृत्तपत्र. युरोपीय स्त्रियांच्या कक्षात ती यशस्वी झाली. मुसलमान पुरुषांच्या कक्षात साफ फसली. महिने गेले, माणसे गप्पच. का, याचा शोध त्याने आणि त्याचा सहकारी जाक आझुले याने घेतला आणि १९५४ मध्ये लिहून प्रसिद्ध केला. सण परक्यांचे होते. वृत्तपत्र वाचता न येणाऱ्यांपुढे ठेवले होते. टोपल्या विणणे त्या पुरुषांना बायकांचे काम वाटत होते. डॉक्टर दुभाष्यामार्फत बोलत होता, आणि दुभाषी त्या माणसांनी आजवर कोर्टात आणि कचेरीतच पाहिला होता. मग फानोनने इस्पितळात त्यांच्या पद्धतीचे कॉफीघर काढले, त्यांचे सण साजरे केले, कथेकऱ्याला बोलाविले, शेतीचे काम सुरू केले. माणसे बोलू लागली. ज्या उपचारात रुग्णाची भाषा आणि त्याचे जग नाही, तो उपचार त्याला पुन्हा एकदा परका करतो, हा धडा इथे आहे.

नोव्हेंबर १९५४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटले. मग त्याच इस्पितळात छळ सोसलेले आले आणि छळ करणारेही आले. फानोनने १९६१ च्या आपल्या अखेरच्या ग्रंथात एका युरोपीय पोलीस निरीक्षकाची हकीगत नोंदली आहे. दिवसभर कैद्यांचा छळ करणारा हा गृहस्थ घरी येऊन बायकोला आणि अगदी तान्ह्या लेकरालाही मारू लागला होता. दुखणे कामामुळे आहे हे त्याला समजत होते. परंतु काम सोडायची त्याची तयारी नव्हती. मनाला त्रास न होता छळाचे काम करता यावे, अशी मदत त्याला डॉक्टराकडून हवी होती! न्यायाचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ 'मनःशांती' देऊ पाहणाऱ्या प्रत्येक उपचारापुढे हा निरीक्षक येऊन उभा राहतो.

त्याच ग्रंथात दुसरी एक नोंद आहे, आणि ती चळवळीतल्या माणसांनी जास्त लक्षपूर्वक वाचावी. एका स्वतंत्र झालेल्या देशातल्या स्वातंत्र्यसैनिकाने लढ्यात एका कॉफीघरात बाँब ठेवला होता. माणसे मेली होती. देश स्वतंत्र झाला. त्याला आपल्या लढ्याचा पश्चात्तापही नव्हता. तरी दरवर्षी त्याच तारखेच्या सुमारास त्याची झोप जाई आणि मरणाचे विचार येत. स्वातंत्र्य आले म्हणून जखम आपोआप भरली नाही. 'समाज बदला, मने बरी होतील' असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर क्रांतीच्या बाहेरच्या कोणी दिलेले नाही. क्रांतीत उभ्या असलेल्या डॉक्टराने दिले आहे. १९५६ च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला, जानेवारी १९५७ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले. ट्यूनिसमध्ये त्याने लढ्याचे काम केले आणि दिवसा येऊन रात्री घरी जाता येईल असे मनोरुग्णालयही चालविले. ६ डिसेंबर १९६१ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला.

६

मग जखम भरते तरी कशी? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात तीन टप्पे सांगितले आहेत. प्रथम सुरक्षितता. मग आठवणे आणि शोक करणे. शेवटी माणसांशी पुन्हा नाते जोडणे. यातला क्रम महत्त्वाचा आहे. ज्याच्या घरावर आजही दगड पडताहेत त्याला कालच्या दगडाविषयी बोलते करणे हा उपचार नव्हे.

आठवण्याच्या टप्प्याचे तत्त्व साधे आहे. आघाताची आठवण तुकड्यातुकड्यांत पडलेली असते, तिला आधी-नंतर नसते. विश्वासाच्या माणसापुढे, सोसेल तेवढी, पुन्हा पुन्हा ती सांगितली गेली म्हणजे तिला सुरुवात आणि शेवट मिळतो. ती आयुष्याच्या गोष्टीत आपल्या जागी बसते. घडलेले घडलेलेच राहते, पण ते भूतकाळात जाते. युगांडातील नाकिवाले निर्वासित वसाहतीत याच तत्त्वावर झालेल्या कामाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत जमिनीवर दोरी अंथरतात. ती दोरी म्हणजे आयुष्य. सुखाच्या प्रसंगी फूल, दुःखाच्या प्रसंगी दगड ठेवीत जन्मापासून आजवर यायचे, आणि मग एकेका दगडाची गोष्ट सविस्तर सांगायची. विशेष म्हणजे उपचार करणारे डॉक्टर नव्हते. काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेले, निर्वासितांमधलेच साधे लोक होते, आणि त्यांच्या हातून रुग्णांना आराम पडला. गोव्यात 'संगथ' या संस्थेने नैराश्य आणि चिंता यांवर साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून असेच काम करून घेतले; त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. उपचार ही विद्वानांची मिरास नाही, हे या दोन प्रयोगांनी दाखविले.

आपल्याला अधिक जवळचा धागा चिलीतून येतो. जनरल पिनोशेच्या हुकूमशाहीत छळछावण्यांतून सुटलेल्यांवर उपचार करणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९८३ मध्ये टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध केला. छळ सोसलेल्याची साक्ष नोंदवून घ्यायची, त्याच्यासह ती नीट लिहून काढायची. सुरुवातीला हेतू जुलमाचा पुरावा जमविण्याचा होता. करता करता लक्षात आले की साक्ष देणाराही सावरतो आहे. ही पद्धत पुढे डेन्मार्कमध्ये निर्वासितांसाठी वापरली गेली आणि २००८ च्या सुमारास तिथल्या छळपीडित पुनर्वसन केंद्राच्या साहाय्याने वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने ती उत्तर प्रदेशात आणली. पोलिसांचा मार आणि जातीय हिंसा सोसलेली माणसे तिथे होती. दोन कार्यकर्ते समोर बसतात. एक विचारतो, एक लिहितो. साक्ष त्या माणसाला वाचून दाखवितात, तो दुरुस्त करतो. मग वस्तीसमोर, सन्मानपूर्वक ती वाचली जाते आणि त्याच्या हाती दिली जाते. पोलीस ठाण्यात ज्याचे म्हणणे लिहून घेतले जात नव्हते त्याचे म्हणणे कागदावर येते, आणि ज्या गावात तो मान खाली घालून चालत होता तिथेच ते ऐकले जाते.

७

हे वाचताना मराठी वाचकाला आपलेच काही आठवल्याशिवाय राहणार नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांत १९१७ चा बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या माणसाला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन पथिकाश्रमात राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी तिथून हुसकले. अठरा वर्षांनंतरही ती आठवण डोळ्यांत पाणी आणल्याशिवाय येत नाही, असे ते तिथे लिहितात. कायदा, अर्थशास्त्र, राज्यघटना हाताळणाऱ्या त्या बुद्धीलाही ही जखम होती आणि ती उघड सांगण्यात तिला कमीपणा वाटला नाही. जखम कबूल करणे म्हणजे दुबळे होणे, असे मानणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे एक प्रकरण वाचावे.

१९७८ मध्ये 'बलुतं' आले, १९८० मध्ये 'उपरा', १९८६ मध्ये बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. समीक्षकांनी यांचे वाङ्मयीन मूल्य मोजले, कोणी नाके मुरडली. परंतु चिलीतल्या त्या निबंधाच्या उजेडात पाहिले तर ही पुस्तके साक्षीही आहेत: लिहिलेल्या, समाजापुढे वाचलेल्या, पुरावा म्हणून उभ्या राहिलेल्या. फरक एवढाच की या साक्षीदारांसमोर वही घेऊन कोणी विश्वासाने बसले नव्हते. त्यांनी एकट्याने लिहिले आणि त्याची किंमतही एकट्याने मोजली. ज्यांना लिहिता आले नाही त्यांची साक्ष अजून व्हायची आहे.

नाव देण्याचा अधिकार अजूनही आपल्या हाती पुरता आलेला नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एकाच बौद्ध कुटुंबातील चार माणसे मारली गेली. २००८ मध्ये आरोपींना शिक्षा झाली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या तुरुंगवासात केले. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा या गुन्ह्याला दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. हत्या मान्य, जात अमान्य. ज्या जखमेचे खरे नाव घ्यायला न्यायालय तयार नाही ती भरायची कशी?

कायद्याची साधने मात्र आहेत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडितांच्या आर्थिक आणि सामाजिक पुनर्वसनाची तरतूद आहे. २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांचे हक्क कायद्यात आले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जात वगैरे कोणताही भेद न करता सरकारी मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. हे कायदे आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवले आहेत. अत्याचाराच्या खटल्यात धावणारा कार्यकर्ता मानसिक आरोग्याचा कायदा काढीत नाही, आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला त्याच्या गावात काय झाले हे विचारीत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हता. त्यात आपली वस्ती कुठे असेल, हे सांगण्यासाठी वेगळ्या पाहणीची गरज नाही.

कार्यकर्त्यांना आजच करता येईल असे काही आहे. अत्याचाराच्या गावी सत्यशोधन समित्या एकामागून एक जातात, आणि एकाच मातेला तीच हकीगत दिवसातून पाच वेळा, कॅमेऱ्यासमोर, सांगावी लागते. घटनेनंतर लगेच माणसाला सगळे बोलायला लावल्याने तो बरा होतो, हा समज तपासणीत टिकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका सांगते: जवळ राहा, गरजा विचारा, ऐका, बोलण्याची सक्ती करू नका. तेव्हा साक्ष एकदाच, नीट, त्या व्यक्तीच्या संमतीने, स्त्रीची असेल तर स्त्रीने लिहून घ्यावी आणि तिची प्रत तिच्याकडे ठेवावी. बहिष्कार उठविणे, संरक्षण मिळविणे, किराणा आणि पाणी चालू ठेवणे, हे सुरक्षिततेच्या पहिल्या टप्प्याचेच काम आहे. ते करणारा कार्यकर्ता उपचारच करीत असतो, हे त्याने ओळखावे. खटल्याच्या तारखांना, घटनेच्या वार्षिक दिवशी त्या घरी कोणीतरी असावे. मोर्चा संपल्यावर सहा महिन्यांनी कोणीतरी पुन्हा जावे, कारण जखम तेव्हाच एकटी पडते. आणि जो स्वतः अशा गावांतून वर्षानुवर्षे फिरतो आहे त्याचीही झोप गेलेली असू शकते. त्याने ती दारूने आणण्याऐवजी माणसांपुढे सांगावी, आणि संघटनेने ती ऐकून घ्यावी.

शिक्षकांचे काम याहून जुने आहे. वर्गात एखादे मूल आपले आडनाव सांगताना थांबते, तेव्हा त्या थांबण्यामागे काय आहे हे ओळखणारा एक शिक्षक असला तर पुष्कळ जखमा पहिल्या दिवशीच धुतल्या जातील.

उपचार न्यायाची जागा घेऊ शकत नाही. न्यायही उपचाराची जागा घेत नाही. स्वतंत्र देशातल्या त्या सैनिकाची झोप हेच सांगते. व्हिएतनामच्या सैनिकांनी, बॉस्टनच्या स्त्रियांनी, हार्लेमच्या तळघराने, ब्लीदाच्या कॉफीघराने आणि वाराणसीच्या वस्तीसभेने जे मिळविले ते मागून मिळाले नाही, एकत्र बसून बोलल्याने मिळाले. आपल्याकडे एकत्र बसण्याच्या जागा कमी नाहीत. विहार आहेत, वसतिगृहे आहेत, वाचनालये आहेत, महिला मंडळे आहेत. तिथे भाषणे पुष्कळ होतात. आता आठवड्यातून एक संध्याकाळ ऐकण्यासाठी राखून ठेवली पाहिजे, आणि जे ऐकले ते बोलणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या परवानगीने, लिहून ठेवले पाहिजे.